रिकामे डबे मागणारे अप्पा

पालमच्या बसस्टँडसमोर वीरुपाक्षअप्पा हालगे यांचं बिस्किटांचं ठोक दुकान होतं. दुकानात येणाऱ्या माणसाच्या हाताकडे अप्पा आधी बघत आणि तोंडाकडे नंतर. हात मोकळे दिसले की कपाळावरचे भस्माचे पट्टे आठ्यांत मुरडत आणि राम राम, शरणार्थ म्हणणं राहून जाई.

"डबा?" अप्पा विचारत.

समोरचा हसे, किंवा खाली बघे, किंवा पुढल्या बाजाराचा वायदा करी. आसपासच्या वाड्यांवर त्यांचं नाव 'डबेअप्पा' असं पडलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्याचाही त्यांना वैताग होता.

भानगड अशी होती. नांदेडच्या एका कारखान्यातून अप्पांकडे सुटी बिस्किटं यायची, पत्र्याच्या चौकोनी उंच डब्यात, वर घट्ट बसणारं गोल झाकण आणि अंगावर हिरवा पोपट. एस. टी.च्या टपावरून हे डबे अप्पा आतल्या गावांना पोचवत. गावचा दुकानदार बिस्किटं नगावर विकायचा, रद्दीच्या कागदात बांधून. कागद चुलीत जायचा. डबा रिकामा झाला की तो दुकानदाराकडून अप्पांकडे, अप्पांकडून कारखान्यात, तिथं धुऊन वाळवून पुन्हा भरला जायचा. खाऊन झाल्यावर मागं काही उरू नये, ही या धंद्याची रीत होती, आणि अप्पांना ती मनापासून पटलेली होती. हा माणूस पार्सलाची सुतळी कधी कापत नसे, गाठ सोडून गुंडाळून ठेवी. वाकडा खिळा दगडावर ठोकून सरळ करी. तरुणपणी सेलूच्या जिनिंगमध्ये ते वजनकाट्यावर होते, तिथंही जमिनीवर सांडलेला कापूस वेचून ढिगावर टाकत, आणि बाकीचे त्यांना हसत. जिनिंग सुटलं, अप्पा गावी परतले, एजन्सी मिळाली, त्याला बरीच वर्षं झाली. सवय काही सुटली नाही.

अडचण एवढीच की डबा फार चांगला होता. झाकण लावलं की मुंगी शिरत नसे, किडे लागत नसत, उंदराचे दात चालत नसत. असा डबा ज्या घरात गेला त्या घरात तो रुजला. अनामत इतकी हलकी होती की दुकानदार ती खुशाल विसरून जात. अप्पा वसुलीला गावात गेले की जिकडे तिकडे त्यांना हिरवा पोपट दिसायचा. शाळेत खडू पोपटाच्या डब्यात. महादेवाच्या देवळात वाती, कापूर पोपटाच्या डब्यात. सिताराम न्हावी गिऱ्हाईक बसवायचा ते पालथ्या डब्यावर. एकदा लिंबवाडीला लग्नाला गेले, तर रुखवतात लाडू, करंज्या, सांडगे भरून त्यांचेच डबे ओळीनं मांडलेले, अंगाला रंगीत कागद चिकटवलेला. एका डब्याचा कागद सुटला होता आणि पोपटाची चोच बाहेर आली होती. अप्पांनी नवरीच्या आईला बाजूला घेऊन विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिथली एक म्हातारी म्हणाली, लेकीच्या रुखवतातलं मागायला आलाव का अप्पा? सगळ्या बायका हसल्या. अप्पा पंगतीला न बसता निघून आले. ते डबे नवरीबरोबर सोनपेठकडच्या एका गावी गेले आणि अप्पांच्या हिशोबी मेले.

घरी नीलम्मा म्हणायची, तुमच्या डब्यानं निम्म्या मुलखाचे संसार लावून दिलेत, पुण्य समजा. अप्पा म्हणायचे, पुण्य कारखान्याला सांग.

कारखान्यानं शेवटी सांगितलंच. शहाऐंशी सालच्या भादव्यात चंद्रभान नावाचे कारखान्याचे सुपरवायझर पालमला आले. चंद्रभान स्वभावानं सरळ होते, अप्पांना मानायचे. त्यांनी चहा घेतला आणि पिशवीतून एक पुडा काढून गल्ल्यावर ठेवला. प्लॅस्टिकचा, चकचकीत, वर तोच पोपट. मालकांनी यंत्र आणलं आहे, म्हणाले. आता बिस्किटं पुड्यात भरायची, पुडे खोक्यात, आणि खोकी टेम्पोनं डांबरी सडकेवरच्या दुकानांना थेट द्यायची. डबे गोळा करण्याची कटकट नको.

"आणि सडकेच्या आतली गावं?" अप्पांनी विचारलं.

आतल्या गावांना टेम्पो जात नव्हता. एस. टी.च्या टपावर खोकी टाकली तर पहिल्याच नाल्यात बिस्किटांचा चुरा. म्हणजे आतली गावं सुटणार, आणि अप्पांचं दुकान आतल्या गावांवरच चालायचं. सडकेवरची दुकानं टेम्पोची झाली की पालमच्या एजन्सीला काही काम उरत नव्हतं. हे चंद्रभाननी बोलून दाखवलं नाही, अप्पांना ते बोलल्याशिवाय कळलं.

अप्पांनी पुडा हातात घेऊन उलटा सुलटा बघितला.

"बिस्किटं खाल्ल्यावर याचं काय करायचं?"

"फेकून द्यायचा."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? फेकायचा कुठंबी."

"हे चुलीत जळत न्हाई, गुरानं खाल्लं तर पोटात राहतंय, मातीत कुजत न्हाई. कुठं फेकायचं ते सांगा, मी गिऱ्हाइकाला तसं सांगतो."

अप्पांना उत्तर नको होतं, भांडायला काहीतरी हवं होतं. बरीच घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी चंद्रभान टेम्पो घेऊन येतील. बाहेर अडकलेल्या डब्यांतले निम्म्याहून जास्त डबे त्या दिवशी दुकानात जमा असले तर डब्याची रीत आणि एजन्सी दोन्ही चालू. नसले तर दोन्ही बंद. आणि डबे धुण्याजोगे पाहिजेत, चंद्रभान निघता निघता म्हणाले. मागं तुमच्याकडून आलेल्या एका डब्याला लोणच्याचा वास होता, त्यातली बिस्किटं सगळी परत आली.

तो लोणच्याचा डबा अप्पांच्या चांगला लक्षात होता. तो लिंबवाडीच्या सुलाबाईचा. डबा आला तो आंब्याच्या लोणच्यानं अर्धा भरलेला, झाकणाला तेल ओघळलेलं. मागं कुणी मिरच्या घालून पाठवल्या होत्या, कुणी लसूण. माणसं इतकी घाणेरडी कशी असतात, डबा मोकळासुद्धा करत नाहीत, म्हणून अप्पांनी त्या दिवशी भर बाजारात सुलाबाईच्या दिराला डबा दाखवून असं काही झापलं होतं की तो पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही.

आता मुदत पडल्यावर अप्पा गावोगाव फिरू लागले. धोतर खोचून, छत्री काखेत मारून, एस. टी. जाईल तिथवर एस. टी.नं आणि पुढं चिखलातून पायी. दवंडी दिली. सरपंचांना भेटले. आनंदवाडीच्या सरपंचांनी, माणिकरावांनी, त्यांना मोठ्या सन्मानानं ओसरीवर बसवलं, चहा पाजला, आणि सांगितलं की गावातले डबे काढून देणं ही माझी जिम्मेदारी. अप्पांची नजर आतल्या घरात गेली. भिंतीतल्या देवळीत डबा होता. माणिकरावांनी त्यांची नजर ओळखून सांगितलं, तो आमच्या म्हातारीचा, तानुबाईचा, त्यात तिचं औषधपाणी असतं. म्हणजे गावातले बाकीचे डबे येणार आणि सरपंचांचा तेवढा राहणार. बाकीचेही आले नाहीत.

सगळ्यांत जास्त डबे लिंबवाडीच्या बायनाबाईकडं अडकले होते. बायनाबाई मोठी हुशार बाई. नवरा गेल्यावर घरातल्या घरात दुकान काढून तिनं चालवलं. तिच्याइतकी बिस्किटं अप्पांच्या कुठल्याच दुकानदाराची खपत नव्हती, आणि तिच्याइतके डबे कुणाचे गहाळ होत नव्हते. अप्पा घामाघूम होऊन तिच्या दारात पोचले तेव्हा ती सुपात मुगाच्या शेंगा घेऊन बसली होती.

"बायनाबाई, डबे कुठं गेले सगळे?"

"जातेत कुठं? घरोघर हायत की."

"मी डबे दुकानात दिलते."

"मंग? बिस्किटं बी दुकानातूनच घरोघर जातेत."

अप्पांनी छत्री आपटली. मग न थांबता बोलत सुटले. कारखाना, पुडा, टेम्पो, सोमवार, सगळं सांगितलं. लोकांच्या लबाडीमुळं माझं दुकान बुडायलंय, म्हणाले. दुसऱ्याची चीज घरात दाबून ठेवताना कुणाला लाज कशी वाटत नाही, म्हणाले. बायनाबाईनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. त्यांचं बोलून होईपर्यंत तिनं वाट बघितली.

"तुमी लोकाला चोर समजायलाव अप्पा. कुणाला डबा ठिवून घ्यायचा न्हाई. पर तुमच्या घरून भरून आलेलं भांडं, ते असं खाली, मोकळं कसं धाडावं? तुमच्या घरी नीलम्मा हाय, लेकरंबाळं हायत. उद्या तुमच्या घरात काई कमीजास्त झालं तर बोल कुणाला?"

"ते भांडं न्हाई, बारदाना हाय. पोत्यासारखं."

"झाकण हाय का त्याला?"

"हाय."

"मंग भांडंच."

अप्पा मटकन ओट्यावर बसले. बायनाबाईनं त्यांना पाणी दिलं आणि राहिलेलं सांगितलं. बायका आधी डबे धाडत होत्या. घरात जे असेल ते घालून, कुणी मिरच्या, कुणी लसूण. सुलाबाईनं तर नवं लोणचं घातलं, घरच्या झाडाच्या कैऱ्यांचं, लेकरांच्या तोंडचं काढून. आणि अप्पांनी भर बाजारात तोंड वाकडं केलं. सुलाबाई दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून बायकांचं ठरलं की अप्पांना हलकंसलकं चालत नाही, काही चांगलं पिकल्याशिवाय त्यांच्या घरी डबा धाडायचा नाही. पुढं कधी पिकलं नाही, कधी पिकलं ते घरात पुरलं नाही. डबे थांबले ते थांबलेच. आणि थांबलेला डबा मोकळा कशाला ठेवायचा, म्हणून त्यात पीठ ठेवलं.

इतकी वर्षं लबाड समजून ज्यांच्यावर त्यांनी दात ओठ खाल्ले, ती माणसं त्यांचं घर भरलेलं राहावं म्हणून डबा अडवून बसली होती. याचा आनंद मानावा की कपाळ बडवून घ्यावं, त्यांना ठरवता आलं नाही. ठरलं असतं तरी सोमवार पुढं ढकलला जाणार नव्हता.

"बायनाबाई, मी हात जोडतो," ते म्हणाले. "मला काही नको. खाली डबे द्या. माझ्या घराला काही होत न्हाई. पाच दाणे ज्वारीचे टाका हवं तर, रीत झाली. पर डबे द्या."

"बरं बरं, बघते मी," बायनाबाई म्हणाली. तिच्या बोलण्याचा अर्थ पाच दाण्यांना होकार असा अप्पांनी घेतला.

दसऱ्याच्या आसपास बाकीच्या गावांचे डबे येऊ लागले. पण जे आले ते बघून नीलम्मानं तोंडाला पदर लावला. अप्पांनी मागाहून धाडलेला पाच दाण्यांचा निरोप सगळीकडं पोचला नव्हता. एकात सुकी मिरची, एकात चिंच, एकात चक्क घासलेट ठेवून झालेलं. नवराबायको मिळून परसात डबे घासत बसले. राख, चिंचेचं पाणी, मग लिंबू, मग ऊन. अप्पा प्रत्येक डब्यात डोकं घालून वास घेत आणि पुन्हा राख मागत. घासलेटाचा डबा त्यांनी शेवटी रागानं बाजूला ठेवून दिला. धुतलेल्या डब्यांची ओळ निम्म्याच्या आसपासही जात नव्हती. सगळा भरवसा लिंबवाडीवर.

आणि नेमका त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला. बंद बाजूचा असो की विरोधातला, एस. टी. दोन्हीला बंदच. गंगाखेडकडून गाडी नाही, लोह्याकडून गाडी नाही. लिंबवाडीचे डबे टपावर चढणार तरी कसे? शनिवार गेला, रविवार गेला. गाड्या सुरू झाल्या त्या सोमवारी सकाळी, आणि पहिल्या गाडीच्या मागोमाग चंद्रभानचा टेम्पो आला.

चंद्रभान डब्यांच्या ओळीपाशी आले. एक एक झाकण उघडून वास घेत गेले. धुतलेत चांगले, म्हणाले. मग ओळीच्या शेवटाला जाऊन उभे राहिले. निम्मे होत नव्हते, हे दोघांनाही दिसत होतं. अप्पा लिंबवाडीच्या रस्त्याकडे बघत होते. थांबतो थोडं, चंद्रभान म्हणाले, पण दुपारपर्यंत मला सेलू गाठायचंय. अप्पांनी दुसऱ्यांदा चहा मागवला. तिसऱ्यांदा मागवायची वेळ आली तेव्हा चंद्रभान उठले आणि हळू आवाजात म्हणाले की मालकांना मी तुमच्याबद्दल चांगलंच सांगेन. अप्पांना या वाक्याची फार चीड आली.

तेवढ्यात बैलगाड्या दिसल्या. पुढच्या गाडीत आश्रुबा, बायनाबाईचा दीर, आणि त्याच्या शेजारी खुद्द बायनाबाई. मागं आणखी गाड्या, साट्यांत डब्यांची रास, हिरवे पोपट एकावर एक. अप्पा पायरी उतरून रस्त्यात आले आणि मध्येच थांबले. गाड्या जवळ येत होत्या, खड्ड्यात उतरून चढत होत्या, चाकं कुरकुरत होती, पण डबे वाजत नव्हते. रिकामा पत्रा वाजल्याशिवाय राहत नाही.

पहिला डबा उतरवायला त्यांनी हात घातला तर तो उचलेना. झाकण काढलं. काठोकाठ मूग. नवा, हिरवागार, निवडलेला. दुसऱ्यात मूग. तिसऱ्यात उडीद. चौथ्यात पुन्हा मूग.

"मी खाली मागितले होते," अप्पा म्हणाले.

"औंदा मूग बरा आलाय," बायनाबाई म्हणाली. "पाच दाणे काय भिकाऱ्याला देयलाव का? आन् हे बगा, हा सुलाबाईचा. तिनं दोनदा चाळून दिलाय. आता तोंड वाकडं करू नगा."

"अहो, टेम्पो उभा हाय. रिकामे करून चढवायचे हायत."

"मंग करा की रिकामे. आमी काय धरून ठिवलेत का?"

दुकानात जागा नव्हती. अप्पांनी फरशीवर सतरंजी अंथरली, ती भरली. नीलम्मानं आतून लुगडी, चादरी, पोती आणली, ती भरली. उडीद वेगळा आणि मूग वेगळा, असं अप्पा ओरडत होते, पण गडबडीत कुणी ऐकत नव्हतं आणि ढिगाच्या कडा एकमेकीत मिसळत होत्या. बसस्टँडवरचे प्रवासी येऊन बघू लागले. भाव काय लावलाय, एकानं विचारलं. चंद्रभान मुगात बूट बुडवून दारात उभे होते.

"अप्पा, ही बिस्किटाची एजन्सी हाय का धान्याची आडत?"

अप्पा सुलाबाईच्या डब्यापाशी आले होते. तो त्यांनी सतरंजीवर न ओतता आत नेऊन नीलम्माच्या हातात दिला, हा वेगळा ठेव म्हणाले, आणि बाहेर येऊन पुन्हा सगळ्यांवर ओरडायला लागले.

रिकामे डबे टेम्पोत चढले. ते छान वाजले. वास घ्यायची चंद्रभानना गरज वाटली नाही. निम्म्याहून बरेच जास्त होते. चालू राहील, ते म्हणाले. सडकेवर पुडे जातील, आतल्या गावांना तुमचा डबा. आणि हे असे डबे भरून यायचेच असतील तर वर्षातून दोनदाच नेऊ, एकदा मुगाच्या सुगीला, एकदा ज्वारीच्या, मध्ये तगादा नको. अप्पांनी मान हलवली. त्यांच्या खांद्यावरून मुगाचे दाणे गळले.

टेम्पो सुरू झाला तशी बायनाबाई पुढं झाली. पाव्हणे इतक्या लांबून आले, हात हलवत कसे जातील? तिनं गाडीतला राखून ठेवलेला एक डबा चंद्रभानच्या मांडीवर ठेवला. मूग, काठोकाठ. ते नको नको म्हणत राहिले, ती ऐकेना.

अप्पांनी टेम्पोच्या खिडकीला हात धरला.

"साहेब, तो डबा मोजणीतला हाय. परत लागंल."

"अहो, आमच्याच कारखान्याचा डबा."

"म्हणून तर म्हणतो."

दिवाळीच्या तोंडावर चंद्रभान पुन्हा माल घेऊन आले. अप्पांनी सवयीनं त्यांच्या हातांकडे बघितलं. चंद्रभान ओशाळून हसले. डबा घरी आहे, म्हणाले. आमच्या सौभाग्यवतींना तो फार पसंत पडला. त्या म्हणतात, अप्पांच्या घरचं भांडं असं मोकळं कसं द्यायचं, आता फराळ करतोच आहोत, चिवडा घालून पाठवू.

अप्पांनी चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे चोळले.

"चिवड्याला तेल असतं, साहेब," ते म्हणाले. "त्यांना म्हणावं, लाडू घाला."